‘मिठाचं घर’मधला ऑर्गन माझा आहे

३ मार्च
दातांचा डॉक्टर. माझ्या तोंडात कापसाचे बोळे आणि रेडिओवर ‘मिठाचं घर’. पन्नास वर्षं झाली, सुटका नाही. अकरा मिनिटांचं गाणं! तेवढ्यात त्याने दाढ कोरली, भरली, वर गुणगुणूनही घेतलं. मी सांगितलं, हा ऑर्गन मी वाजवलाय. त्याला वाटलं दुखतंय. आणखी एक इंजेक्शन दिलं.
बोळे काढल्यावर पुन्हा सांगितलं. म्हणाला, म्हणजे त्या गायिकेच्या तुम्ही बहीण? एकदा घेऊन या ना त्यांना!
धाकटी गाण्यात जेमतेम दोन मिनिटं आहे. त्यातलं निम्मं नुसतं ‘आऽ’. ‘आ’ तर मीही दिवसभर केलं.
निश्चय: आजपासून या गाण्याचा विषय काढायचा नाही.

४ मार्च, सकाळ
लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना सगळं सांगितलं. विषय मी काढला नाही. त्यांनी ‘काय म्हणता?’ असं विचारलं होतं.

९ मार्च
धाकटीचा फोन. पन्नाशीनिमित्त कंपनी रेकॉर्ड नव्याने काढतेय. जुन्या टेप सापडल्यात, त्यावर प्रत्येक वाद्य वेगळं आहे, एकेक सुटं ऐकता येतं. रविवारी ऐकायला बोलावलंय. लगेच पुढे म्हणाली, ताई, तू नको येऊस हं, उन्हाचं कशाला?
वा! विम्याच्या ऑफिसात तीस वर्षं क्लेम तपासले मी. लबाडी मला वासावरून कळते. माझा ऑर्गन सुटा वाजला की तिच्या ‘आऽ’ची काय किंमत राहील, हे तिला पक्कं ठाऊक आहे. बाईसाहेब जळतात.
मी येतेय, म्हटलं.

११ मार्च
भाषणासाठी मुद्दे. रंगाच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही चौघं: दाढीवाला गिटारिस्ट, ड्रमर, धाकटी आणि मी. दाढीवाल्याने सात मात्रांचं गाणं रचलं आणि स्वतःच त्यात हरवला. कॉन्व्हेंटच्या चॅपेलमध्ये ऑर्गन शिकलेली मी एकटी (धाकटी नुसती शेजारी बसून बघायची), सातापर्यंत मोजता येणारीही मी एकटी. रेकॉर्डिंगच्या पहिल्या दिवशी माझा ऑर्गन झाला. दुसऱ्या दिवशी विम्याच्या नोकरीचा इंटरव्ह्यू होता, म्हणून मी गेले नाही. मागे त्यांनी थोडी डागडुजी केली म्हणे.
ड्रमरने पुढे धाकटीशी लग्न केलं. तो मुद्दा भाषणात नको.

१४ मार्च
मोत्यांची माळ घालून पाहिली. सही दहा वेळा करून पाहिली. उद्या कोणी रडलं तर धीर द्यायचा, पण फार नाही.

१५ मार्च, दुपार
स्टुडिओ. रेकॉर्डिस्ट बाईंनी बाकी सगळे आवाज बंद केले. माझा ऑर्गन, एकटा. आणि त्याच्यावरून, शाळेच्या कवायतीला शोभेल असा माझा आवाज: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात! ड्रमर, झोपलास का? धाकटे, पोक काढू नकोस! एक, दोन...
अकरा मिनिटं.
मेहुणे हसता हसता खुर्चीवरून घसरले. सत्तरी आली, पोच नाही.
मी विचारलं, मग रेकॉर्डवर हे मोजणं कसं ऐकू येत नाही? रेकॉर्डिस्ट बाई म्हणाल्या, हा ट्रॅक वापरलाच नाही. वापरला तो दुसऱ्या दिवशीचा ऑर्गन. थांबा, लावते.
लावला. तोच, जगाला पाठ असलेला. शेवटचा सूर विरला आणि टेपवर अठरा वर्षांची धाकटी हळूच म्हणाली, ताईला सांगू नका हं.
धाकटी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली. भाषण केलं नाही.

१६ मार्च
धाकटीचा फोन. उचलला नाही. पुन्हा आला. उचलला.
विचारलं, पन्नास वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून का बसलीस? म्हणाली, तू इंटरव्ह्यूहून थेट आलीस, रेकॉर्डिंग ऐकलंस आणि म्हणालीस, बघ कसा वाजवलाय मी. तुला इतकं खूश मी कधीच पाहिलं नव्हतं, ताई.
मी म्हटलं, मूर्ख आहेस. ती म्हणाली, हो.
फोन ठेवून गाणं लावलं. पूर्ण ऐकलं. वाजवते बरी. पण मनगट खाली पडतं तिचं, ऐकूनसुद्धा कळतं.