खातेदार गैरहजर

वलगाव,
भाद्रपद वद्य पंचमी

प्रिय जीवन,

झेंडूला कळी धरली आहे. बांधावरून पाहिलं तर वाफे नुसते हिरवे दिसतात, पण आत जाऊन वाकलं की पानांखाली कळ्याच कळ्या. शेवंती यंदा थोडीच लावली, विहिरीकडच्या तुकड्यात. तुझ्या खोलीत आम्ही दुसरं काही भरलेलं नाही. प्रणाली कधी कधी तिथे अभ्यासाला बसते, खिडकीतून वारा बरा येतो म्हणून. ती अमरावतीला एम. ए. करते आहे, इतिहासात. तू तिला सायकल शिकवायचास तेव्हा ती सरळ न जाता प्रत्येक गोठ्यापाशी उतरायची, अजून तशीच आहे; दिसेल तिथे थांबते आणि वाचत बसते. मागच्या वर्षी तिने मोडीचा वर्ग केला आणि त्यातून घरात एक गोष्ट सुरू झाली. ती तुला सांगावी असं कितीतरी दिवस मनात आहे. दुसऱ्या कुणाला सांगून ती निम्मीच पोचेल.

हे गेले त्यानंतर वारसाची नोंद करायची राहून गेली होती. तलाठ्यांनी जुने फेरफार मागितले. मी तहसिलीत अर्ज द्यायला निघाले तर प्रणाली म्हणाली, आई, मागवतेच आहेस तर सगळ्यांत जुन्या नोंदींच्याही नकला माग. अशा त्या घरी आल्या. वर एक लांबच लांब रेघ आणि तिला लोंबणारी अक्षरं, कुठे शब्द संपतो तेही कळत नाही. संध्याकाळी मी ओसरीवर फुलं ओवत बसायचे आणि ती बोट ठेवून एकेक नाव सोडवायची. मला ऐकता ऐकता गुंगी यायची. नावं कानावर पडत राहायची आणि वाटायचं, ही माणसं मागच्या दारी हातपाय धुताहेत, आता आत येतील.

त्यात नत्थुजी निघाले. म्हणजे बाबांचे पणजोबा, तुमचे खापरपणजोबा. मी लग्न होऊन आले तेव्हा तू चौथीत होतास. पहिल्याच आठवड्यात तू मला अंगणात बसवून त्यांची गोष्ट सांगितली होतीस. नत्थुजी संसार सोडून मेळघाटात तपाला बसले, अंगावर वारूळ चढलं, वाघ आला आणि पाय चाटून गेला. मी हसले म्हणून तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. भाटाच्या वंशावळीतही त्यांच्या नावापुढे तेवढंच आहे: कास्तकार, मेळघाटी तप केले.

तहसिलीच्या कागदात तप नाही. पेढी नदीकडच्या आपल्या वावराचे खातेदार नत्थुजी, कसणारेही नत्थुजी. मग छप्पनचा दुकाळ येतो, म्हणजे इंग्रजी १८९९चा, आणि त्यांच्या नावापुढे शेरा पडतो, 'खातेदार गैरहजर'. कसणाऱ्याच्या रकान्यात सूर्यभान नावाचा कुणी माणूस. आडनाव आपलं नाही. पुढची काही वर्षं तोच सूर्यभान, आणि मग एका वर्षी पुन्हा नत्थुजी, जणू मधे काही झालंच नाही. माझ्या मनात आधी वाईटच आलं. घरात पुरुषमाणूस नाही असं पाहून दुसऱ्याने वावर दाबलं असणार. प्रणाली म्हणाली, दाबलं असतं तर परत कशाला केलं असतं, आणि खातं तरी नत्थुजींच्या नावावर कशाला राहू दिलं असतं? याचं उत्तर कागदात नव्हतं. ते आता एकाच माणसाकडे असू शकत होतं, म्हणून आम्ही अकोल्याला पार्बताआत्यांकडे गेलो.

आत्याबाईंनी नव्वदी ओलांडली आहे. नजर गेली, पण आवाज तोच, खडखडीत. मी पाया पडले तर माझा हात चाचपून त्यांनी आधी विचारलं, 'जीवन कोठी हाय?' मी म्हटलं, बाहेरगावी आहे. त्यांनी नातसुनेला चहा टाकायला सांगितला. नत्थुजींच्या तपाचं मी विचारलं तेव्हा मात्र हसल्या. म्हणाल्या, 'तप कायचं वो बाई. त्याले वाघानं नाई नेलं, देवानं नाई नेलं. लाजेनं नेलं.'

त्यांनी हे त्यांच्या आजोबांकडून ऐकलं होतं, पुंजारामांकडून, म्हणजे नत्थुजींच्या मुलाकडून. दुकाळात वलगावला काडी राहिली नव्हती. लोक छपराचं गवत उपसून ढोरांना घालत होते. मेळघाटात अजून चारा आहे असं कळलं तेव्हा नत्थुजी म्हणाले, मी नेतो. आपली ढोरं घेऊन निघायचं ठरलं होतं, पण आळीतल्या एकेकाने आपापली आणून त्यांच्या दारात बांधली. शेजारच्या सूर्यभानकडे एकच बैलजोडी होती, तीही. निघायच्या दिवशी बायांनी ढोरांना ओवाळलं. पुंजाराम सांगायचे, धूळ इतकी उठली की माणसं दिसेनात, नुसत्या घंटा ऐकू येत होत्या, आणि घंटा ऐकू येईनात तोवर सुभद्रा, म्हणजे नत्थुजींची बायको, वेशीत उभी होती.

चारा मिळाला. सिपना नदीच्या काठी, सेमाडोहाकडे, डोंगरउतारावर गवत होतं आणि डोहांत पाणी. ढोरांच्या अंगावर मांस दिसू लागलं असा निरोपही एकदा आला. मग तिकडे ढोरांवर रोग पडला. एकेक करून सगळी बसली ती उठली नाहीत. निरोप्या पुन्हा गेला तेव्हा नदीकाठी हाडं होती आणि नत्थुजींचा पत्ता नव्हता. गावाने म्हटलं, वाघाने नेला. सुभद्राने कुंकू पुसलं नाही. तिला कुणी काही म्हणायला गेलं की ती म्हणायची, वाघ माणूस नेतो, काठी अन् घोंगडी नेत नाही. ती दाखवा मग पुसते.

जीवन, इथवर ऐकलं आणि मला आत्याबाईंच्या खोलीत बसवेना. पंखा फिरत होता, नातसून कपबशा गोळा करत होती, आणि मला समोर तो माणूस दिसत होता, दुसऱ्याची ढोरं पुरता पुरता थकलेला, घराकडे तोंड करून उभा राहिलेला आणि पाऊल उचलत नसलेला. त्याच्या हातून काही पाप झालं नव्हतं. पण ज्यांनी दारात आणून बांधली त्यांच्या समोर रिकाम्या हाताने कसं जायचं, एवढा एकच विचार त्याने वर्षानुवर्षं केला असणार. वरच्या एका कोरकू वस्तीत तो राहिला. कोदो-कुटकी पेरायला, कुडाची घरं बांधायला मदत करायचा. त्या लोकांनी त्याला विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

आणि इकडे सूर्यभान त्याचं वावर कसत होता. ज्याची एकुलती जोडी तिकडे मेली, तोच. दुसऱ्याकडून सावडीवर, म्हणजे कामाच्या बदल्यात, बैल आणायचा, आधी नत्थुजींचं वावर पेरायचा, मग आपलं. धान्य सुभद्राच्या ओसरीवर टाकून निघून जायचा. पटवाऱ्याने एकदा म्हटलं म्हणे, बाबा रे, गैरहजर माणसाचं खातं तुझ्या नावावर करून घे. तो म्हणाला, गैरहजर हाय, मेला नाई.

पुढे एका बाजारकरी माणसाने नत्थुजींना धारणीच्या बाजारात पाहिलं आणि गावात येऊन सांगितलं. सुभद्राच्या भावांनी जायचं म्हटलं, तर सूर्यभान म्हणाला, तुम्ही गेलात तर तो आणखी आत जाईल, मलाच जाऊ द्या. तो एकटा पायी गेला. नत्थुजी शेतात होते. सूर्यभानला पाहून ते खाली बसले आणि मान वर करेनात. तेव्हा सूर्यभान जे बोलला ते आत्याबाईंनी मला दोनदा म्हणून दाखवलं. 'बैल माये होते. मी काई म्हणून नाई राहिलो, अन् तू कावून तोंड लपवून राहिला? चाल घरी.'

ते आले. दिवसाढवळ्या, आळीतून चालत आले. कुणी दारं लावून घेतली नाहीत आणि कुणी विचारलंही नाही. पुढे ते पुष्कळ जगले. चांगली शेती केली, पोरीबाळींची लग्नं केली. पण दुपारी बाजेवर डोळा लागला की झोपेत ढोरांना हाका मारायचे, मोरी, चांदी, बांडी, एकेकीचं नाव घेऊन. सुभद्रा जवळ तांदूळ निवडत असायची. ती सुपातून वर न पाहता म्हणायची, 'हाय जी, इथंच हाय. पानी पिऊन राहिली.' मग ते शांत व्हायचे. पुंजारामांनी हे लहानपणी इतक्या वेळा ऐकलं की म्हातारपणी त्यांनाही ती नावं पाठ होती. आत्याबाईंनाही आहेत.

परत आल्यावर प्रणालीने हट्टच धरला म्हणून आम्ही परतवाड्याहून एसटीने सेमाडोहाला जाऊन आलो. पाहण्यासारखं काही नव्हतं. पर्यटकांच्या जीपा होत्या, पोरं बिस्किटांचे पुडे विकत होती. आम्ही नदीवर गेलो. पाणी उथळ होतं, पलीकडे गवत कमरेएवढं, आणि वारा सुटला की ते सगळं एका बाजूला झुकायचं आणि पुन्हा उभं राहायचं. प्रणाली पाण्यात पाय सोडून बसली. मला कुठेतरी घंटा वाजल्यासारखं वाटलं. खरंच कुणाची ढोरं असतील, किंवा नसतीलही. मी उठून पाहिलं नाही. किती वेळ बसलो कोण जाणे. येताना गाडीत प्रणाली खिडकीला डोकं टेकून एवढंच म्हणाली, 'आई, काकाले कोनं आनाचं?'

त्याचं उत्तर आता तुला देते आहे.

त्या पहाटे गाडी तू चालवत होतास. दसऱ्याचा झेंडू होता, बाजार गाठायचा होता, आणि मी स्वतः यांना म्हटलं होतं, दोघे जा म्हणजे माल उतरवायला बरं. टायर फुटला. पोलिसांनी तेच लिहिलं, गॅरेजवाल्याने तेच सांगितलं, मीही कधी दुसरं काही मानलं नाही. तू तेरवीपर्यंत घरात होतास पण माझ्या समोर आला नाहीस. ताट ठेवलं की भिंतीकडे वळायचास. आणि चौदाव्या दिवशी सकाळी तुझी खोली रिकामी. त्यामुळे एक गोष्ट तुला सांगायची राहिली. दवाखान्यात यांना थोडा वेळ शुद्ध आली होती. पाणी मागितलं नाही, प्रणालीचंही विचारलं नाही. 'जीवनले लागलं काय?' एवढं विचारलं. मी म्हटलं, नाही, बरा आहे, बाहेर बसला आहे. ते ऐकून त्यांच्या कपाळावरची आठी गेली. ती जाताना मी पाहिली आहे, जीवन. मी जवळच उभी होते.

तू रावेरहून पाठवलेला हक्कसोडाचा कागद मागच्या महिन्यात पोचला. वावरातला तुझा सगळा हिस्सा तू माझ्या आणि प्रणालीच्या नावे सोडला आहेस, आणि खाली सही इतकी बारीक केली आहेस की ती तुझी आहे हे मला पाकिटावरच्या पत्त्यावरून ओळखावं लागलं. मी तो तलाठ्यांना दाखवला. ते म्हणाले, असा घरी लिहिलेला कागद चालत नाही, माणूस स्वतः समोर यावा लागतो. मी म्हटलं, मलेही तेच पायजे. कागद मी घरी आणून चुलीत घातला. वारसाच्या नोंदीत यांच्या जागी माझं आणि प्रणालीचं नाव लागलं आहे, आणि शेजारी तुझं जसं होतं तसंच आहे. दसऱ्याला फुलं तोडायला माणसं लागतील. गाडी आम्ही भाड्याची केली आहे, तुला चालवावी लागणार नाही. घटस्थापनेपर्यंत वाट पाहते. तोवर आला नाहीस तर मी आणि प्रणाली बडनेऱ्याहून भुसावळची गाडी धरू, तिथून रावेर, आणि केळीच्या ज्या बागेत कामाला असशील तिथे येऊन उभ्या राहू. मला फार बोलता येत नाही. पण उभी मात्र पुष्कळ वेळ राहू शकते.

तुझीच,
साधनावहिनी