ढब्ब्याचा बोगदा

माझ्या धाकट्या बहिणीला,

तुला अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या ह्यांना नमस्कार. कंबर कशी आहे? शेक घेतेस ना? घेत नसशीलच, जन्मात कधी कुणाचं ऐकलंयस! इकडे सगळी खुशाल आहेत, फक्त आमच्या परसात बोगदा झालाय.

घाबरू नकोस, कुत्र्याचा बोगदा. नातीने आमच्या ढब्ब्याचं नाव कुत्र्यांच्या स्पर्धेत घातलंय. तो उड्या मारतो, फळीवरून चालतो, पण बोगदा दिसला की बसकण मारतो. त्यात तुझ्या भाच्याने (बापावर गेलाय, हट्टी) जाहीर केलं, की रविवारी हा बोगद्यातून पार झाला नाही तर त्याची रवानगी मेव्हण्याच्या गोदामावर, राखणीला. पोर रडून रडून जेवेना.

मग आमचे हे उठले. चाळीस वर्षं लोकांच्या घरी सांडपाण्याचे पाइप बसवलेला माणूस, त्यांना बोगद्याचं काय कौतुक! निळी पिंपं बुडं कापून एकापुढे एक जोडली, मधे वळण काढलं, वर उतारही दिला (कुत्र्याला वाहून न्यायचं होतं की काय, देव जाणे). मी हिरवा रंग लावला, पांढरी फुलं काढली, दोन्ही अंगांनी वेल चढवले. असा देखणा झाला की शेजारीण म्हणाली, "आजी, भाड्याने देणार का?"

ढब्ब्या बिस्किटाच्या आशेने शिरला. आत धाडकन आवाज, मग केकाटणं, आणि स्वारी उलट्या पावली बाहेर, नाक सुजलेलं! बघते तर ह्यांनी हाताच्या सवयीने पलीकडच्या तोंडाला लोखंडी जाळी ठोकलेली. म्हटलं, "अहो, हे काय?" तर म्हणतात कसे, "मग उंदीर नाही का शिरणार?"

जाळी काढली, पण ढब्ब्या ढिम्म. शेवटी परवा दुपारी घरात कोणी नाही (हे होते, पण घोरत) असं बघून मी पदर खोचला, ओणवी झाले आणि शिरले आत. वळणावर अडकले गं! पुढे सरकेना, मागे येईना. म्हटलं, आता मला काढायला करवत आणणार. तेवढ्यात मागून तळव्यांना ओली जीभ. गुदगुल्यांनी अशी सुटले की थेट मिरचीच्या वाफ्यात, आणि मागोमाग ढब्ब्या, शेपूट हलवत!

झालं, ढब्ब्या शिकला, असं मी घरभर सांगून टाकलं. पोर त्या दिवशी दोन घास जास्त जेवली. मुलगासुद्धा हसला, दात दिसले त्याचे.

तुझी,
थोरली

ता. क. तुझ्या दोन सैलशा सलवारी शनिवारच्या आत पाठव. साडी वळणावर अडकते.

आणखी एक ता. क. ढब्ब्या एकटा अजून जात नाही, माझ्या मागूनच जातो. घरात कोणाला ठाऊक नाही, तूही बोलू नकोस. नातीकडून मी स्पर्धेच्या नियमांचा कागद दोनदा वाचून घेतलाय. आजीने आत शिरू नये, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.