मल्लाच्या मानेवरची रेघ

रोम, ९ मार्च १७६८

चि. ओर्सोलास अनेक उत्तम आशीर्वाद. बाबांना माझा सा. न.

मूर्तींच्या पुस्तकासाठी कोरलेला चौदावा तांब्याचा पत्रा खेचरवाल्याने धड पोचवला. छाप काढला, तो आपले धनी, उमराव मार्केझे तोर्रेबियांका खिडकीपाशी नेऊन बघत राहिले. म्हाताऱ्याचा हात अजून कापत कसा नाही, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी आपला बूट बघत उभा. बाबांची उजवी बाजू जाऊन दीड वर्ष झालं आणि नवव्या पत्र्यापासून कोरणी तू धरतेस, हे इथे कुणाला सांगायचं धाडस मला झालेलं नाही. खाली बाबांचंच नाव घालत जा.

सोबत पंधराव्या मूर्तीचं लाल खडूतलं चित्र आहे. मळ्यात सापडलेला तरुण मल्ल. डोक्यापासून टाचेपर्यंत अखंड, असं मार्केझे सगळ्यांना सांगतात. एक परदेशी उमराव तो विकत नेणार म्हणून हे पान नीट व्हायला हवं.

इथे उपवासाचे दिवस, रोज खारवलेला मासा. तुझ्या हातचं चण्याचं सूप आठवतं. खुशाली कळव, नाहीतर मला काळजीची सवय आहेच.

तुझा दादा,
सेत्तिमिओ


फाब्रियानो, १२ जून १७६८

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

मल्ल पाठवला आहे. उशीर झाला, कारण बाबांना मेमध्ये ताप होता. आता बरे आहेत. बोलणं अजून मला एकटीलाच कळतं, त्यामुळे ते शेजाऱ्यांना शिव्या देतात आणि मी त्यांचे आशीर्वाद म्हणून सांगते.

तुझ्या चित्रात मल्लाच्या मानेभोवती एक बारीक रेघ दिसली. इतकी फिकट, की खडू घसरला असावा असं वाटलं. पण भिंगातून पाहिलं तर ती मागपर्यंत गेलेली. शिवाय डोकं खांद्यांच्या मानाने लहान. म्हणून ती रेघ मी नीट कोरली.

तू बारीक झालास, असं खेचरवाला सांगत होता. खरं असेल तर लग्न कर, खोटं असेल तरी कर.

तुझी,
ओर्सोला


रोम, २ जुलै १७६८

चि. ओर्सोलास अ. उ. आ.

तुझ्या रेघेने घात केला. मार्केझे छाप पाहून लालबुंद झाले. म्हाताऱ्याला आता दिसेनासं झालंय, त्याने माझ्या मल्लाचा गळा कापला, असं सगळ्यांदेखत ओरडले. रेघ घालवा, नाहीतर उरलेलं काम दुसऱ्याला देतो, असं निक्षून सांगितलं आहे.

पत्रा परत पाठवतो आहे. मागून ठोकून, वरून घासून तेवढी जागा सपाट कर. तुला तासाभराचं काम. ती रेघ आहे की नाही, याचा काथ्याकूट नको. एका रेघेपायी आपण तिघांनी उघडं पडायचं का? बाबांना यातलं काही सांगू नकोस.

तुझ्यावर भरवसा आहे, म्हणून एवढं कडक लिहिलं. राग मानू नकोस.

सेत्तिमिओ


फाब्रियानो, १५ जुलै १७६८

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

राग आला, तो मानलाही. पत्रा माझ्यापुढे आहे. घासायला बसले होते, पण हात चालेना. तासाभराचं काम हे खरं. पण पुस्तक पाहणारा कुणी ती मूर्ती बघायला रोमला येणार नाही. आपण कोरू तीच त्याच्यासाठी मूर्ती.

तू एवढंच कर. शिडी लावून वर चढ आणि त्या मानेवर बोट फिरव. रेघ नाही असं बोटाने सांगितलं, तर मला कळव, मी त्याच दिवशी घासून पाठवते. डोळ्यांनी बघून सांगू नकोस. डोळ्यांनी तू एकदा पाहिलं आहेस, म्हणूनच खडू तिथे हलका चालवलास.

बाबांना सांगितलेलं नाही. जपून चढ, लहानपणी अंजिरावरून पडला होतास.

ओर्सोला


रोम, ६ ऑगस्ट १७६८

चि. ओर्सोलास अनेक उत्तम आशीर्वाद. हे पत्र बाबांनाही वाचून दाखव, आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

चढलो. नख आत गेलं आणि चुन्याचा भुगा हातावर आला. डोक्याचा दगड पिवळसर, भरड, धडाचा पांढराशुभ्र. मूर्ती जोडणाऱ्या बास्तियानोला गाठलं. तो हसला आणि म्हणाला की डोकं दुसऱ्याच खड्ड्यातलं, मीच लोखंडी खिळ्याने बसवलंय.

तसाच मार्केझेंकडे गेलो. रेघ जाणार नाही असं सांगितलं, आणि एकदा तोंड उघडलंच म्हणून हेही सांगितलं की ती बाबांनी नाही, माझ्या बहिणीने कोरली. ते आधी हसले, मग पेटले. मल्लाचं पान पुस्तकातून काढून टाकलं. मला घालवणारच होते, पण पुस्तकाचा मजकूर लिहिणारे पाद्री, आबाते चेरेतानी, तिथे होते. त्यांनी सगळे छाप टेबलावर मांडले आणि विचारलं की मुलीने कुठून सुरुवात केली. नवव्यापासून, म्हटलं. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, नवव्यापासून काम जास्त चांगलं आहे, उरलेली नऊ पानं तिलाच करू द्या.

मार्केझेंनी मान्य केलं, पण तोंड वाकडं करून. मला आता फक्त गुरुवारी आत सोडतात, तेही नोकराच्या नजरेखाली. असू दे. मल्लावर तुझे तीन महिने फुकट गेले, त्याचं वाईट वाटतं.

बाबांना साष्टांग.

सेत्तिमिओ


फाब्रियानो, २८ ऑगस्ट १७६८

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. पुढे काय लिहिलंय ते आधी डोळ्याखालून घालायला हवं होतं. नवव्यापासून काम जास्त चांगलं, हे वाक्य तोंडातून निघून गेलं, तेव्हा कळलं. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस जेवले नाहीत. मी कोरणीला हात लावला नाही. पादऱ्यांना बोलावलं, तर त्यांनाही पाठच दाखवली.

तिसऱ्या दिवशी मी चूल पेटवत होते, तर आतून काठी आपटल्याचा आवाज आला. छाप मागितले. नवव्यापासूनचे सगळे, आणि भिंग. डाव्या हाताने एकेक धरून दुपारपर्यंत बघत होते. मी दारातच उभी. मल्लाची मान त्यांनी सर्वात जास्त वेळ पाहिली आणि होकारार्थी डोकं हलवलं. मग मला जवळ बोलावून म्हणाले की, रेघा बऱ्या आहेत. पण पायाची बोटं सातही चित्रांत लसणाच्या पाकळ्या, यापुढे असली बोटं माझ्या नावावर खपवायची नाहीत, जिने कोरली तिने आपलं नाव घालावं.

दादा, मी तिथेच जमिनीवर बसून रडले. त्यांनी काठीने मला ढोसलं आणि मोजे काढ म्हणाले.

आता रोज सकाळी मी एक पाय स्टुलावर ठेवून कागदावर स्वतःची बोटं काढते. बाबा शेजारच्या खुर्चीत असतात. कालची करंगळी त्यांना पसंत पडली, अंगठा नाही.

सोळावं चित्र पाठव, पायाकडे नीट बघून काढ. आमच्या दोघांचाही तुझ्यावर जीव आहे, एवढं ध्यानात असू दे.

तुझी,
ओर्सोला