प्रभूचं नाव वगळून

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चिमी तुझ्याकडे सुखरूप पोचली हे वाचून जीव भांड्यात पडला. तुझ्या हातचा स्वयंपाक खाऊन ती बरी झाली तर तो चमत्कारच म्हणायचा.

तिच्या गळ्याखालचं हाड मोडणारे आपले जावईबापू इस्पितळातून घरी आलेत. गुडघा प्लास्टरमध्ये, बोटं फळीला बांधलेली, जबडा तारांनी आवळलेला. पंधरवड्याने तारा काढल्या की बोलायला लागेल म्हणे.

तू विचारलंस म्हणून सांगतो. त्या दिवशी दुकानात गेट जोडत होतो. प्रभूने स्पष्ट सांगितलं, ऊठ, बहिणीकडे जा. गेलो तर तो तिला केस धरून भिंतीवर आपटत होता. मग प्रभूने माझ्या हातात बळ दिलं. सळईचा पहिला घाव गुडघ्यावर, दुसरा जबड्यावर. दात फरशीभर उडाले. खोटं कशाला सांगू, फार शांत वाटलं. पोलिसांनीसुद्धा माझी पाठ थोपटली.

आता तोच आवाज पुन्हा येतोय. तीन दिवस उपास केला तरी तेच, काम अर्धवट सोडू नकोस. पंधरा तारखेला, रविवारची उपासना झाली की मी त्याच्याकडे जाणार, आणि या वेळी तो उठणार नाही. माझ्यासाठी प्रार्थना कर.

लोभ ठेवतेसच, या दिवसांत जरा जास्त ठेव.

तुझा,
भाऊ


७ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. माझ्या स्वयंपाकाचं नंतर बघते, आधी तुझे कान उपटते.

मला सांग, गेल्या वर्षभरात या आवाजाने तुला तुझ्या मनाविरुद्ध एक तरी गोष्ट सांगितली? कधी गप्प बस म्हणाला? कुणाची माफी माग म्हणाला? तुझ्या मनात येईल तेच बोलणारा इतका आज्ञाधारक देव मी तरी पाहिला नाही बाबा. आणि उपासाने राग जात नाही रे, नुसती भूक लागते. शांत वाटलं म्हणतोस. आमच्या वॉर्डात हाणामारी करून आलेले लोक टाके घालतानाच घोरायला लागतात. त्यांनाही शांतच वाटत असतं.

मी त्या माणसाचा कैवार घेत नाहीये. चिमीच्या पाठीवर जुने वळ आहेत, आणि त्याला कोर्टात उभं करायला मी तिच्याबरोबर जाणार आहे. पण मोडलेल्या हाडांच्या वॉर्डात मी सव्वीस वर्षं काढलीत. तिचा एक्स-रे मी पाहिलाय. हाडाबद्दल विचारलं की ती भिंतीकडे तोंड करते, आणि तुझं नाव काढलं की रडते.

म्हणून एक कर. त्या दिवसाचं सगळं पुन्हा लिही, प्रभूचं नाव वगळून. तुझ्या हातांनी काय केलं तेवढंच, क्रमाने. त्याआधी त्याच्या दाराकडे फिरकलास तर मीच पोलिसांना कळवीन. माझा भाऊ म्हणून गय करणार नाही.

माया आटलेली नाही, म्हणून एवढं कडक लिहिलं.

तुझी,
ताई


११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चार कागद फाडले. दर वेळी प्रभूचं नाव येतंच. हा पाचवा.

आवाजबिवाज काही आला नव्हता. चिमीची शेजारीण धावत सांगायला आली. सळई मी उचलली. दार मी लाथेने उघडलं. त्याने तिचे केस धरले होते, मला बघताच सोडले. हे तुला लिहिलं नव्हतं. मी गुडघ्यावर मारलं, तो पडला. त्याने हात जोडले, मी जबड्यावर मारलं. त्याने हात आडवा धरला, मी बोटांवर मारलं. बोटं मोडल्याचं ऐकू आलं तरी पुन्हा तिथेच मारलं. त्याने एकदा चर्चमधल्या साऱ्या मंडळीसमोर मला अडाणी लोहार म्हटलं होतं, ते मला त्या वेळी आठवत होतं. बहीण आठवत नव्हती.

चिमी माझ्या हाताला लोंबकळली. भाऊ पुरे, पुरे म्हणत होती. मी झटकलं, ती सोडेना. मग मी सळई तिच्यावर उगारली आणि मारली. हाड मोडलं ते मला हाताला जाणवलं. चुकून लागलं नाही, ताई. मी तिच्याकडे बघून मारलं.

रक्त धुता धुताच मी स्वतःला सांगितलं, हे त्याने केलं. मग पोलिसांना सांगितलं, मंडळीत उभं राहून साक्ष दिली. सांगून सांगून मला ते दिसायलाही लागलं, त्याच्या हातात सळई! आणि तारा काढल्या की तो खरं बोलणार होता. मला पंधरा तारखेची घाई कुणी लावली होती, ते आता कळतंय. ती घाई माझीच होती.

आता ठाण्यात जाऊन हेच सांगतो. चिमीला हे वाचून दाखव. तिने मला माफ केलं आहे, अशी ग्वाही मला मनातून मिळाली आहे.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
भाऊ


१९ मार्च

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहितेय, अक्षर चालवून घे.

ताईने तुझं पत्र वाचून दाखवलं. मीही काल दोन जबाब दिले, एक त्याच्याविरुद्ध, एक तुझ्याविरुद्ध. ताई बाकावर बसून होती. भावाचं राहू दे, असं एकदाही म्हणाली नाही.

तू खरं सांगितलंस, बरं केलंस. पण मी माफ केल्याची ग्वाही तुला मिळाली कुठून? मला विचारलंस का? तोही मला मारून झालं की खाटेशेजारी गुडघे टेकायचा. ढसाढसा रडायचा. मग उठून म्हणायचा, प्रभूने मला क्षमा केली, आता जेवायला वाढ. ओठ फुटलेला असायचा तरी मी वाढायची.

भाऊ, मी तुला अजून माफ केलेलं नाही. रोज प्रार्थनेला बसते, तुझ्या नावापर्यंत येते आणि उठते. जमेल त्या दिवशी मी स्वतः लिहीन. तोवर थांब. मध्येच कुणी तुझ्या मनात येऊन जमलं म्हणून सांगितलं, तर त्याचं ऐकू नकोस.

लोभ किती उरलाय ते मला ठाऊक नाही. असेल तेवढा असू दे.

तुझी,
चिमी