प्रेमलताचा झोपेतला शब्द

मी, प्रमोदिनी मधुसूदन वझलवार, वय ७८, तत्त्वज्ञानाची निवृत्त प्राध्यापिका, राहणार नंदनवन, नागपूर, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. त्यावरील अक्षर लागत नाही, तरी मजकूर अनुकूल आहे असे मानावे.

१. माझे ग्रंथ माझी विद्यार्थिनी गार्गी मुंडले हिला द्यावेत. या पत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. बेल्जियमला मी तर्कशास्त्र केले: कशावरून काय निष्पन्न होते. स्कॉटलंडच्या धुक्यात प्रश्न बदलला: कोणाचा शब्द प्रमाण मानावा. नागपूरला परतल्यावर उन्हाळ्यात गच्चीवर झोपू लागले आणि उरलेली वर्षे स्वप्नांना दिली. सहकाऱ्यांना ही घसरण वाटली. मला तो एकच रस्ता दिसतो, पुढे पुढे अंधुक होत गेलेला.

२. ज्या विभागप्रमुखांनी माझ्या स्वप्नविचाराला "म्हातारपणचा छंद" म्हटले, त्यांना शोकसभेत बोलू देऊ नये. ते आधीच वारले असल्यास अट पूर्ण झाली असे समजावे.

३. बँकेतील ठेवी भाचा उन्मेष यास. तो भला मुलगा आहे; पुढील कलमाने दुखावेल, म्हणून हे आधी लिहिले.

४. घर. धाकटी बहीण प्रेमलता माझ्याजवळ राहते. माझ्यानंतर घर विकून तिला पुण्याला न्यावे, असे तिचा मुलगा उन्मेष म्हणतो. दिवाळीत त्याने विचारले, "आई, मावशीनंतर तू इथं एकटी काहून राहशील वं?" ती म्हणाली, "तू म्हणशील तसं, बाळा." मागाहून मला म्हणाली, "पोराले नाही कसं म्हणू वं, ताई?"

परवा पहाटे गच्चीवर, आकाश राखी असताना, ती झोपेत स्पष्ट बोलली: "मी नाही येत गा, उन्मेष. तू जाय. माझं अंथरूण इथंच राहू दे."

चहाच्या वेळी विचारले, तर हसली. "मी काहून असं म्हणीन? तुलेच स्वप्न पडलं असन, ताई."

ही शक्यता मी तपासली आहे. ती नाकारता येत नाही.

झोपेतले बोलणे हे विधान नव्हे, म्हणून पुरावाही नव्हे, असे माझे प्रकाशित मत आहे. या कलमापुरते ते मागे घेते.

सबब, घर प्रेमलताच्या हयातीपर्यंत तिचे राहील, त्यानंतर उन्मेषचे. तिच्या हयातीत ते विकता येणार नाही. विक्रीस तिने संमती दिली, लेखी दिली, साक्षीदारांसमक्ष दिली, तरी ती जागेपणी दिलेली असल्याने ग्राह्य धरू नये.

स्थळ: नागपूर
दिनांक: १२ मे २०२५
(सही) प्रमोदिनी म. वझलवार

ही सही त्यांनी आम्हां दोघांदेखत केली व त्यानंतर आम्ही त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या:
१. गौरांग देवपुजारी
२. चारुशीला खानझोडे