माझ्या गाडीमागची रांग

माराकाइबो, शनिवार

प्रिय नेरिओ, म्हणजे उद्यापासून माझा कोंपाद्रे,

आपल्या चिनीता मरियामाईच्या कृपेने घरी सगळे खुशाल असतील. इंग्रिदवहिनी माझ्यावर तापल्या असतील तर त्यांना पंख्याखाली बसव (वीज असेल तर). उद्या तुझ्या लेकीचा बाप्तिस्मा आणि मी तिचा धर्मपिता, म्हणूनच आपण कोंपाद्रे होणार, हे मी विसरलेलो नाही. पण मी कालपासून रांगेत आहे, आणि ही रांग मीच लावली आहे.

झालं असं. ‘तेलावर जगणाऱ्या देशातली सत्ता आणि अस्थिरता’ हा माझा अहवाल एका परदेशी वकिलातीत देऊन (निष्कर्ष: देश पूर्ण स्थिर) मी तुझ्याकडे निघालो, आणि बंद पंपासमोरच गाडीतलं पेट्रोल संपलं. आपल्या तळ्याखाली तेलच तेल, माझ्या टाकीत ठणठणाट! जरा डोळा लागला. उठून बघतो तर मागे रांग, कोपऱ्यापलीकडे गेलेली. आपल्याकडे रांग कशाची हे आधी कोण विचारतं? आधी उभं राहायचं. त्यात मी पडलो तेलाचा विश्लेषक, म्हणजे मला आतली बातमी असणारच. सरकार पडतंय म्हणून पेट्रोल सोडताहेत, इथपर्यंत मजल गेली. मी ओरडून सांगितलं, “अहो, माझं पेट्रोल संपलंय!” तर मागची आजी म्हणाली, “मग आमचं काय उतू चाललंय, बाळा?”

एवढी गर्दी बघून एक कर्नल आला, घाबरला आणि त्याने टँकर मागवला. मग ‘यामागे कोण आहे’ हे विचारायला मला बाजूला घेतलं. मी सत्तेचं गणित पहिल्यापासून समजावू लागलो (माझी खोड तुला ठाऊक आहे). परत येतो तर माझी गाडी ढकलत ढकलत शेपटाला नेलेली! “प्रोफेसर, तुम्ही बोला निवांत, आम्ही पुढे सरकतो,” असं आजीने हसत सांगितलं. टँकर आला आणि वीज गेली. वीज नाही म्हणून पंप चालेना. तेव्हापासून सगळे जागच्या जागी.

हे पत्र सायकलवरून मक्याचे गरम अरेपा विकणाऱ्याबरोबर पाठवतोय. लेकीला गोड पापा.

तुझा,
एर्मोहेनेस

ता. क. अहवालातला ‘स्थिर’ हा शब्द बदललेला नाही. कालपासून इथे कोणीही हललेलं नाही.

ता. क. २. आता पहिला नंबर कोणाचा, सांगू? आपल्या फादर आन्सेल्मोंचा! बाप्तिस्मा इथेच उरकायला ते तयार आहेत, पण वीज आली की पेट्रोल भरून निघून जातील. तेव्हा लेकीला घेऊन लगेच ये. आणि कृपा करून पायी ये. गाडी कुठे थांबवलीस तर तुझ्यामागेही रांग लागेल.