धूळ पाणी पिते का?

१९ फेब्रुवारी १९८१, आमोणे
आज पुन्हा तेच! सकाळी धुक्यात ह्यांची छाती भरली. दुपारी मायनीवर, म्हणजे खाणीवर, ह्यांच्या ट्रकमागे तांबडी धूळ उठते, तेव्हा मात्र काही नाही. असं का? मला वाटतं, ओल्या हवेत धुळीचा कण पाणी ओढून फुगत असावा. ट्रक सोडा म्हटलं तर हे हसले. "माती काय पाणी पिता? दाखय माका, मगे सोडतंय!"
बघाच आता, रघुनाथराव! आठवीला विज्ञान शिकवते मी.

२२ फेब्रुवारी
दोन काचा विहिरीवर धुऊन वाळवल्या. एकीवर मीठ, दुसरीवर ह्यांच्या ट्रकवरची धूळ. पहाटे पडवीत ठेवल्या — छपराखाली, दव नको म्हणून. मग शाळेचं भिंग. मिठाचे कण विरघळून थेंब झालेले! समुद्रावरून हवेत येणारं मीठही असंच पाणी ओढत असणार, धुकं त्यावरच धरत असणार. आणि धुळीभोवतीसुद्धा बारीक थेंब! नाचायचीच बाकी होते.
ह्यांना भिंग दिलं. बराच वेळ बघत राहिले. "होय गो, थेंब आसत," एवढंच. चहा न घेता गेले.

२३ फेब्रुवारी
अर्धं ताट टाकून उठले. हरले की असंच.

२६ फेब्रुवारी
अगं बाई, तुलनेला नुसती काच ठेवलीच नव्हती! मुलांना शंभरदा बजावते, आणि स्वतः?

२७ फेब्रुवारी
नुसत्या काचेवरही थेंब! डोकं चक्रावलं. शेवटी विहिरीचं पाणी जिभेवर घेतलं — मचूळ! भरतीला मांडवी नदीचं खारं पाणी विहिरीत झिरपतं. धुण्याभांड्याचंच पाणी, चाखतो कोण? काच वाळली, वर मीठ राहिलं. आता ट्रकच्या बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी घेऊन काचा पुन्हा धुतल्या.

२८ फेब्रुवारी
नुसती काच कोरडी. धूळही कोरडी. ह्यांचंच खरं, ही माती पाणी पीत नाही. मग धुक्यात छाती का भरते? ठाऊक नाही. खरं काय ते कळल्याचा आनंद झाला, आणि रडूही आलं. आता सांगितलं की ट्रक काही सुटत नाही. न सांगून चालेल? छे, कसं चालेल!

१ मार्च
सांगितलं. हे म्हणाले, चावी कालच मालकाला परत केली. "थेंबांसाठी नाय. त्या दिशी भिंगात माका कायच दिसूक नाय गो. वरीस झाला, भर उन्हातय माका धुकाच दिसता."
वर्षभर हे भरलेला ट्रक आमच्या शाळेसमोरून नेत होते!